पाव किलो चहाची भाजणी

मंगळवारी दुपारी साइटवरच्या केबिनमध्ये डबे उघडलेले असताना लिन म्हणाला, "शनिवारी वडिलांना घेऊन तुझ्याकडे जेवायला येतो," आणि हेमचंद्र गुळवेच्या घशात पोळीचा घास अडकला.

जेवायला येण्याबद्दल काहीच हरकत नव्हती. लिन चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसत होता. तो चिनी कंत्राटदाराचा इंजिनिअर आणि हेमचंद्र प्रकल्पाचा सेफ्टी मॅनेजर, म्हणजे रीतसर पाहिलं तर दोघांचं एकमेकांशी पटता कामा नये. पण एका उन्हाळ्यात बायको अमिता आणि मुलगी रेवा नाशिकला गेलेल्या असताना हेमचंद्रला मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा हाच लिन तीन दिवस हॉस्पिटलातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. आता त्याचं रियाधमधलं काम संपलं होतं आणि दोन आठवड्यांनी तो कायमचा परत निघाला होता. त्याआधी वडील पंधरा दिवस मुलाकडे आले होते.

घास अडकला तो पुढच्या वाक्यामुळे. "आणि बाबांना तो चहा प्यायचाय. दोन वर्षांत कसा मुरलाय ते बघायचंय त्यांना."

या चहाबद्दल थोडं सांगायला हवं. लिनचे वडील चीनमधल्या फूच्येनच्या डोंगरात पन्नास वर्षं चहा भाजत होते. चहा भाजतात हेच हेमचंद्रला लिनकडून कळलं. तोवर चहा उकळतात एवढंच त्याला ठाऊक होतं. उलाँग म्हणजे धड हिरवा नाही, धड काळा नाही, असा अर्ध्यावर थांबवलेला चहा. मग तो बांबूच्या टोपलीत घालून निखाऱ्यांवर ठेवायचा. धग एवढी मंद, की पानाला कळू नये आपण भाजले जातोय. आठ-दहा तास. मग काही आठवडे विसावा, मग पुन्हा निखारे. लिननं पाव किलोचं पाकीट दिलं त्या दिवशी केबिनमध्येच पहिली वाटी करून पाजली होती. रंग जुन्या मधासारखा. वासाला भाजलेल्या शेंगदाण्याचं साल, थोडी काकवी, आणि पाणी मारलेला दगडी ओटा. घोट गेल्यावर दोन मिनिटांनी घशात कुठून तरी गोडवा आला. हेमचंद्रनं साखर घातलीय का म्हणून विचारलं होतं.

"जपून पी," लिन म्हणाला होता. "ही शेवटची भाजणी. आई गेली आणि बाबांनी भट्टी विझवली. परत पेटवलीच नाही."

असं कोणी सांगितलं की मध्यमवर्गीय माणूस ती वस्तू खास प्रसंगासाठी ठेवून देतो. हेमचंद्रनंही ठेवली. दोन वर्षांत एकही प्रसंग पुरेसा खास निघाला नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस त्यातल्या त्यात खास ठरत होता, पण अमिता म्हणाली, मला आल्याचाच कर.

इथवर सगळं सभ्यपणे झालं होतं. पुढचं सांगायला जड जातं. पाकीट ज्या पत्र्याच्या डब्यात आलं होतं तो डबा फार सुबक होता. हेमचंद्रला तो इकाम्याच्या, म्हणजे रहिवासी परवान्याच्या, झेरॉक्स आणि जुनी सिमकार्डं ठेवायला हवा होता. म्हणून त्यानं चहा एका रिकाम्या बरणीत ओतला. बरणी त्यानं स्वतः धुतली होती. त्या बरणीत आधी सासूबाईंचा गोडा मसाला होता, आणि फडताळात तिच्या शेजारी हिंगाची डबी होती.

मंगळवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं बरणी उघडली. वास घेतला. मग अमितासमोर धरली.

"भरली वांगी," अमिता म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. जरा जास्त हिंग पडलाय."

रेवा नववीत होती आणि आईवडिलांशी शक्यतो इंग्रजीत बोलायची. तिनं वास घेतला आणि मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम द ट्रूथ."

"तुझ्या बापानं भट्टी विझवण्याआधी केलेली शेवटची भाजणी मी वांग्यात घातली, असं सांगू?" हेमचंद्र म्हणाला. सत्याला त्याचा विरोध नव्हता. फक्त ते सांगायला त्याला वाक्य सापडेना.

वरच्या मजल्यावरचे सदानंद पेठे त्या वेळी विरजण मागायला आले होते. पेठे पेट्रोकेमिकलमध्ये होते आणि त्यांना कशाबद्दलही मत विचारावं लागत नसे. "ऑनलाइन दुसरा मागवा, गुळवेसाहेब. चहा तो चहा." दुसरा चहा तीन आठवड्यांनी येणार होता. "मग ओव्हनमध्ये टाका. उष्णता ती उष्णता."

मूठभर पानं ओव्हनमध्ये टाकली. दहा मिनिटांत घरभर असा खमंग वास सुटला की रेवा खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, जेवायला काय आहे. चहातला मसाला भाजून ताजा झाला होता.

तेव्हा हेमचंद्रला आठवलं. लिन एकदा म्हणाला होता, जुन्या चहाला दमट किंवा परका वास लागला की बाबा तो पुन्हा निखाऱ्यावर ठेवतात. कोळशाची धग पानाच्या आतपर्यंत जाते आणि नको ते बाहेर काढते. रेवानं त्याचा व्हिडिओही शोधून दिला. त्यात एक चिनी म्हातारा राखेनं झाकलेल्या खड्ड्यावर टोपली ठेवून नुसता बसला होता. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा होता आणि चाळीस मिनिटं काहीही घडत नव्हतं. हेमचंद्रला वाटलं, हे आपल्याला जमेल.

बुधवारी तो बथाच्या बाजारात जलालभाईंकडे गेला. जलालभाई मूळचे रत्नागिरीजवळचे, गेली तीस वर्षं कोळसा, शेगड्या आणि धुपाची लाकडं विकत होते. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, बरणी नाकाजवळ नेली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

"सासूबाईंच्या हातचा मसाला चांगला असणार," ते म्हणाले.

मग त्यांनी कोळशावर व्याख्यान दिलं. हुक्क्याच्या टिकल्या अजिबात नकोत, त्यांना काडी लावली की पेट घेण्यासाठी औषध मारलेलं असतं. विटांसारखा दाबलेला कोळसाही नको. बाभळीचा हवा, जड, वाजवला तर काचेसारखा खणखणणारा. त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर वाजवून दाखवले. टोपलीसाठी ते स्वतः शेजारच्या बंगाली दुकानात गेले आणि बांबूची खोल पाटी घेऊन आले. पाटीला सुक्या बोंबलाचा वास होता. "उन्हात ठेवा, जाईल," जलालभाई म्हणाले. ती तीनदा धुऊन हेमचंद्रनं गच्चीवर वाळत घातली, आणि कंपाउंडच्या मांजरांना तिचा पत्ता लागला.

आता प्रश्न जागेचा. हेमचंद्र राहत होता त्या कंपाउंडमध्ये उघड्यावर विस्तव पेटवायचा तर मॅनेजरची परवानगी लागे. याचं हेमचंद्रला बरंच वाटलं, कारण परवानगी हा त्याचा प्रांत होता. साइटवर वेल्डिंगची एक ठिणगी उडवायची असली तरी त्याची सही लागायची. गेली एकोणीस वर्षं तो लोकांचे अपुरे फॉर्म परत पाठवत होता. अपुरा फॉर्म कसा नसतो हे दाखवायची ही संधी होती. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी बसून त्यानं चार पानी अर्ज लिहिला. चौदा धोके नोंदवले: ठिणगी, वारा, मांजर, कार्बन मोनॉक्साइड, आणि असंच पुढे. प्रत्येकाचा उपाय लिहिला. आग लागल्यास पळण्याच्या वाटांचा नकाशा जोडला.

गुरुवारी मॅनेजरनं, एका गंभीर इजिप्शियन गृहस्थानं, तो अर्ज शेवटपर्यंत वाचला. वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"मिस्टर गुलवे, हे फार भयंकर आहे."

"म्हणूनच सगळं लिहिलंय."

"गेल्या महिन्यात शंभर माणसांचं बार्बेक्यू झालं. त्यांनी एक ओळ लिहिली होती, मी सही केली. पण तुम्ही म्हणता माणसं मरू शकतात." त्यानं अर्ज दोन्ही हातांनी परत केला. "ममनू. नाही म्हणजे नाही."

हेमचंद्र जिना चढून घरी आला आणि अर्ज टेबलावर टाकून बूट काढत बसला. अमितानं फॉर्म वाचला आणि तिला हसू आवरेना, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

शेवटी जलालभाईंनीच वाट काढली. शुक्रवारी त्यांचं दुकान दुपारनंतर उघडे. थंडीचे दिवस होते, अर्धं रियाध शेगड्या घेऊन वाळवंटात जात होतं. "आपणपण जाऊ. तिथं तुमचा अर्ज वाचायला कोण नाय."

शुक्रवारी सकाळी सातला जलालभाईंचा पिकअप आणि मागे हेमचंद्रची सेडान असे निघाले. रस्ता सोडून आत वळताच सेडान चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतली. साइटवर हेमचंद्र दर महिन्याला वाळूत गाडी चालवण्याच्या सुरक्षिततेवर तासभर बोलायचा. ही गोष्ट त्या क्षणी रेवानं बोलून दाखवली नाही, याबद्दल तो तिचा कायम ऋणी राहील. थोड्या अंतरावर तंबू ठोकून बसलेले एक सौदी आजोबा दोर घेऊन आले, आपल्या गाडीनं सेडान ओढून काढली, आणि मग परत जायचं सोडून हे लोक काय करतायत ते बघत उभे राहिले. त्यांचं नाव अबू नायफ.

हेमचंद्रनं खड्डा खणला, कोळसा भरला, पेटवला. छान ज्वाळा उठल्या. त्यानं पाटीत जाळी बसवली, तिच्यावर चहा पसरला आणि पाटी उचलली.

"ला, ला," अबू नायफ अरबीत नको नको म्हणाले आणि त्यांनी सरळ त्याचं मनगट धरलं.

जलालभाईंनी दुभाषाचं काम घेतलं. "ते विचारतात, कॉफी भाजताय का? म्हटलं, चहा. ते म्हणतात, चहा कशाला भाजायचा? म्हटलं, मोठी गोष्ट आहे. ते म्हणतात, कायपण असो, ज्वाळेवर वस्तू जळते, भाजत नाय."

अबू नायफ घरची कॉफी आयुष्यभर स्वतः भाजत आले होते. त्यांनी ज्वाळा पूर्ण बसू दिल्या. धूर संपला, वासही संपला, तेव्हा आपल्या शेगडीतली पांढरी राख आणून निखाऱ्यांवर हळूहळू पसरली, जसं झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं. मग हाताची पालथी बाजू वर धरली. हेमचंद्रलाही धरायला लावली. पालथ्या हाताला धग पटकन कळते. तळव्याला उशिरा कळते, तोवर वस्तू गेलेली असते. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्यानंही असाच हात टोपलीच्या कडेला लावला होता, आणि हेमचंद्रला वाटलं होतं की तो टेकून बसलाय.

नऊ वाजता पाटी चढली. मग खरोखरच काही घडेना. दर अर्ध्या तासानं हेमचंद्र पानं हलवायचा. हलवताना चुरा निखाऱ्यात पडायचा आणि बारीक धुराची रेघ उठायची. वारा फिरला की सगळे मिळून चादरी धरून उभे राहायचे. अबू नायफांनी वेलदोडा घालायचा सल्ला दोनदा दिला आणि खजूर पाठवले. साडेदहाला मात्र कमाल झाली. पाटीतून हिंगाचा एक सणसणीत लोट बाहेर पडला, इतका की अबू नायफ दोन पावलं मागे सरले, आणि मग तो वास निघूनच गेला. बारापर्यंत खोबरं गेलं, धने गेले, तीळ गेले. अमिता एकेक मसाला जाताना ओळखत होती.

जलालभाई नमाजाला आणि मग दुकानाला गेले. तीन वाजता अमितानं वास घेतला. "झालं. छान येतोय. काकवी, दाणे... नाही म्हणायला जराशी दालचिनी राहिलीय."

"राहता कामा नये," हेमचंद्र म्हणाला. सहा तास ज्यानं हात पोळून घेतला तो माणूस दालचिनीशी तडजोड करणार नव्हता. त्यानं राख थोडी बाजूला केली, धग वाढवली, आणि आणखी दोन तास त्या दालचिनीच्या मागे लागला. पाच वाजता अमिता म्हणाली, गेली. उन्हानं नाक लाल झालेला, उजव्या हाताच्या पाठीवरचे केस जळलेला हेमचंद्र चहा घेऊन घरी आला. चहा पुन्हा पत्र्याच्या डब्यात गेला. सिमकार्डं बरणीत गेली.

शनिवारी संध्याकाळी लिन वडिलांना घेऊन आला. म्हातारा बारीक, ताठ, अठ्ठ्याहत्तरीचा. दारात बूट काढताना त्यांनी अमिताला वाकून नमस्कार केला, पुरणपोळ्या दोन खाल्ल्या, आणि सबंध जेवणात चार शब्द बोलले. लिननं हळूच सांगितलं, ते हल्ली असेच असतात. इथं आल्यापासून दिवसभर खिडकीपाशी बसतात, बाहेर नेलं तर येतात, आणलं तर परत येतात.

मग चहा. त्यांनी आपली छोटी झाकणाची वाटी बरोबर आणली होती. डबा उघडून त्यांनी कोरड्या पानाचा वास घेतला. बराच वेळ घेतला. पाणी ओतलं, पहिली वाटी प्यायले. दुसरी प्यायले. तिसऱ्या वाटीला त्यांनी एक वाक्य म्हटलं.

लिन अवघडला. "ते विचारतायत, दालचिनी कुठे गेली?"

"काय?"

"या चहाचं नावच ते आहे. आमच्याकडे या झाडाला दालचिनी म्हणतात, पानाला तसा वास असतो म्हणून. बाबा म्हणतात, तीच नाही. बाकी सगळं आहे."

अमितानं हेमचंद्रकडे पाहिलं. रेवानं मोबाइल उलटा ठेवला. एकोणीस वर्षांत हेमचंद्रनं अपघाताचे पुष्कळ कबुलीजबाब लिहून घेतले होते. द्यायची वेळ पहिलीच. त्यानं सगळं सांगितलं. बरणी, हिंग, ओव्हन, अर्ज, वाळू, सौदी आजोबा, आणि शेवटचे दोन तास. लिन वाक्यावाक्याला थांबून चिनीत सांगत होता. हिंगापाशी तो अडला, त्याला शब्द येईना, तेव्हा अमितानं डबीच आणून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली, नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली. मग परत जवळ नेली.

"मला माफ करा," हेमचंद्र म्हणाला. "मला जपायचा होता तो."

म्हातारा उठला. त्यानं हेमचंद्रचा उजवा हात धरून उलटा केला, जळक्या केसांवरून अंगठा फिरवला आणि लिनला भराभर काही सांगू लागला. चार शब्दांचा माणूस आता थांबेना.

"ते विचारतात कोळसा कुठल्या लाकडाचा. राख किती जाड होती. टोपली बघायचीय. आणि पानं हलवताना टोपली खड्ड्यावरून बाजूला घेतली होती का?"

"नाही."

लिननं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला.

पुढच्या शुक्रवारी उरलेला चहा घेऊन सगळे पुन्हा त्याच जागी गेले. या खेपेला सेडान घरी ठेवली. पाटी म्हाताऱ्यानं आधीच नापास करून दोन दिवस खपून स्वतः नवी विणली होती. जलालभाईंच्या कोळशाचे तुकडे त्यानं एकेक वाजवून पाहिले आणि निम्मे बाजूला काढले. जलालभाई तीस वर्षांत पहिल्यांदाच गप्प बसले. अबू नायफ आपली शेगडी घेऊन शेजारी येऊन बसले. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघेही दर थोड्या वेळानं पालथा हात धगीवर धरायचे, एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवायचे. आग अशी की धूर नाही, वास नाही, आहे की नाही तेही कळू नये. पानं हलवायची वेळ आली की म्हातारा टोपली अलगद उचलून बाजूच्या चादरीवर न्यायचा, बोटांनी पानं उलटायचा, चुरा झटकायचा आणि मगच परत ठेवायचा. हेमचंद्र पलीकडे उकिडवा बसून बघत होता. दुपारनंतर लिनही येऊन बसला. वडिलांनी काही न बोलता टोपली त्याच्या हातात दिली. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या इंजिनिअरला ती नीट धरताही येत नव्हती, आणि म्हातारा त्याला मनापासून ओरडत होता.

"दालचिनी परत येईल का?" अमितानं विचारलं.

"थोडी. सहा महिने डब्यात झोपू द्या म्हणतात. आत्ता त्याच्यात नुसती आग आहे."

संध्याकाळी टोपली उतरली. म्हाताऱ्यानं हेमचंद्रला समोर बसवलं आणि त्याच्या भाजणीतल्या चुका बोटांवर मोजायला घेतल्या. लिन भाषांतर करत होता, हेमचंद्र लिहून घेत होता. चुका अकरा निघाल्या. इतका सविस्तर आणि इतका न्याय्य निकाल त्याला आयुष्यात कोणी दिला नव्हता. अकराव्यानंतर म्हाताऱ्यानं आणखी एक वाक्य म्हटलं आणि राख सारखी करायला घेतली. लिन हातावरचा चुरा झटकत बसला.

"बारावी चूक?" हेमचंद्रनं विचारलं.

"नाही," लिन म्हणाला. "म्हणतात, मे महिन्यात पानं येतील. तेव्हा तू ये. दोन वर्षं राख पडून आहे भट्टीत, ती काढायला माणूस लागेल."

एवढं सांगून तो उठला आणि गाडीतून पाणी घेऊन येतो म्हणत पाठमोरा चालू लागला. पाण्याची भरलेली बाटली तो बसला होता तिथंच होती. लिन वळून बघायच्या आत हेमचंद्रनं ती हळूच उचलली आणि टोपलीच्या मागे सरकवून ठेवली.